पाणी आलं कधी म्हणायचं

सगळे जिला टोकाची म्हणत, तिनं पाण्याच्या चारीच्या दाराचं कुलूप फावड्यानं फोडलं, तेव्हा पाणी सोडणारा पाटकरी तिथून दहा पावलांवर बसला होता. एक बूट पायात, एक हातात. तळव्यात रुतलेला काटा नखानं काढायचा खटाटोप चालला होता. तो उठून लंगडत पोचेपर्यंत तिनं दोन घाव घातले होते. तिसऱ्या घावाला कडी वाकली आणि कुलूप चिखलात पडलं.

"अगं ए! पाळी संपली तुझी!"

"सुरू कधी झाली ते सांग आधी!"

तिनं दार वर ओढलं. पाणी धडधडत चारीत शिरलं. पाटकऱ्यानं फावड्याचा दांडा धरला, तिनं हिसका दिला, आणि पातं त्याच्या नडगीवर बसलं. तिला मारायचं नव्हतं, हे बघणाऱ्यांनी नंतर कबूल केलं. पण कातडी सोलून आतलं पांढरं दिसलं. पाटकरी मटकन खाली बसला. आसपासच्या शेतांत दारं धरणारी चार-पाच माणसं धावली, कोणी दार पाडलं, कोणी तिला धरलं. तोवर वाट चुकलेलं पाणी रस्त्यावर गेलं होतं आणि उन्हानं फुफाटा झालेल्या मातीनं ते दोन मिनिटांत पिऊन टाकलं.

मोठ्या पाटातून निघालेली ही चारी सव्वीस शेतांना पाणी द्यायची. वरच्या शेतापासून सुरुवात, एकराला दोन तास, आणि आठव्या दिवशी फेरी पुन्हा पहिल्या शेतावर. दार उघडायचं, पाडायचं, कोणाची पाळी कधी ते सांगायचं, हे काम पाटकरी तीस वर्षं करत होता. वही नाही, पाटी नाही, सगळं डोक्यात. टोकाचीचं शेत सगळ्यांत शेवटी. अर्धा एकर, म्हणून तासाची पाळी. तिच्या नवऱ्याला सगळे टोकाचा म्हणायचे. तो गेला, टोक तिच्याकडे राहिलं.

दुपारी पाणीवाटप समितीच्या पत्र्याच्या खोलीत बैठक बसली. पाटकऱ्याची सून जखमेला बांधायला स्वच्छ फडकं घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. आत जागा होती, पण सासऱ्याला खुर्ची दिलेली नाही हे तिनं आधी पाहिलं. तो भिंतीला टेकून, पाय पसरून जमिनीवर बसला होता.

"चूक बाईची आहे," अध्यक्ष म्हणाले. "तिला समज दिलीय. पण हे दर उन्हाळ्याचं झालंय. कोणाची पाळी कधी सुरू, कधी संपली, कोणालाच धड माहीत नसतं."

"माहीत कसं असणार?" लिंबाची बाग असलेला लिंबूवाला म्हणाला. त्याचं शेत चारीच्या मुखाशी होतं. "सगळा कारभार पाटकरीबाबांच्या डोक्यात. आणि डोकं आता म्हातारं झालंय, वाईट वाटून घेऊ नका बाबा."

दोन-तीन जण हसले. पाटकरीही थोडा हसला. सुनेला ते हसणं बघवेना.

अध्यक्षांनी मोबाइल वर धरला. "आता सगळं ह्याच्यावर दिसतं. गाडी कुठे आली ते दिसतं, सिलिंडर कधी येणार ते दिसतं. आपली पाळी का दिसू नये? पुढच्या फेरीच्या आत काहीतरी व्यवस्था करा. नाहीतर बाहेरचा माणूस ठेवू."

"मी करते," सून दारातून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिच्या हातात अजून फडकं होतं.

"शाळेतल्या मॅडमनी मुलांच्या हजेरीचं ॲप तसंच करून घेतलंय. आपल्याला काय हवं ते लिहून सांगायचं, ते यंत्रच बनवून देतं."

"बघा," लिंबूवाला म्हणाला, "पाटकरीण झाली."

*

घरात सासू-सासरे आणि ती. नवरा लांब बांधकामावर, तीन-तीन महिने यायचा नाही. सासऱ्याला ती मामा म्हणे, सासूला आत्या. दोन गायी होत्या. घराला लागून जमिनीचा लांबट तुकडा होता, त्यात चारा, चार सऱ्या वांगी, दोन सऱ्या मिरच्या.

गायींचं आटोपून ती उंबऱ्यावर बसली आणि मोबाइलवर लिहिलं: पाळीची आठवण करून देणारं ॲप बनव.

यंत्रानं थोडा वेळ घेतला आणि गुलाबी रंगाचं कॅलेंडर पुढे केलं. कोपऱ्यात लाल थेंब. खाली प्रश्न होता: तुमची मागची पाळी कोणत्या तारखेला आली? पोटात दुखतं का?

तिनं मोबाइल पालथा केला.

"काय म्हणतंय?" खाटेवरून पाटकऱ्यानं विचारलं.

"काही नाही मामा. त्याला नीट कळलं नाही."

"दाखव की जरा."

"नको!"

ती इतक्या जोरात म्हणाली की चूल फुंकणारी सासू उठून आली. तिनं मोबाइल ओढून घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता भिंत धरली. "दाखव, दाखव मामांना. म्हणावं, समितीला द्या हे. अध्यक्षांना विचारा, पोटात दुखतं का."

पाटकरी काय ते समजला आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला. त्या घरात आठवड्यात झालेलं ते एवढंच हसणं.

दुसऱ्यांदा तिनं लिहिलं: शेतीच्या पाण्याची पाळी सांगणारं ॲप बनव. ह्या वेळी हिरवा रंग आला. टोपी घातलेल्या गुबगुबीत शेतकऱ्याचं चित्र, उद्याचं हवामान आणि एक प्रश्न: तुमचा पंप किती अश्वशक्तीचा आहे?

"पंप कुठून आला आता?" ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी दोन्ही वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अगं, तू त्याला गावातलं माणूस समजतेयस. ते गावातलं नाही. त्याला चारी माहीत नाही, तुझा सासरा माहीत नाही. पहिल्यांदाच एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला सांगतेस ना, तसं सांग. पाणी येतं कुठून, जातं कुठे, कोण उघडतं, कोण बंद करतं. आणि एखादी गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे असं वाटलं, की तीच आधी लिही."

*

जखम चिघळली होती. पाटकऱ्याला चालता येईना, म्हणून दाराचं काम सून बघू लागली. सकाळी किल्ली गळ्यात घालून मुखाशी जायचं, दार उघडायचं, ज्याची पाळी त्याला फोन करायचा. मधल्या वेळात ती बांधावर बसून लिहायची. ऊन इतकं की मोबाइल तापून बंद पडायचा. मग तो ओल्या फडक्यात गुंडाळून बाभळीखाली ठेवायचा आणि तोवर आठवून ठेवायचं.

संध्याकाळी ती सासऱ्याला विचारायची, कारण तिला वाटलं होतं त्यातलं निम्मं तिला माहीतच नव्हतं.

"मामा, एकराला दोन तास सगळ्यांनाच?"

"सगळ्यांना."

"लिंबूवाल्याला?"

"त्याला अडीच. त्याच्या बागेला उतार आहे."

"उताराला कमी लागेल ना?"

पाटकऱ्यानं पायावरची माशी हाकलली. "त्याच्या बापाच्या वेळेपासून अडीच आहे."

तिनं लिहिलं: एका शेताला अडीच तास. कारण माहीत नाही.

असं करत करत चार दिवसांत मजकूर दोन पानं झाला. ती मोठ्यानं वाचायची, यंत्राला द्यायची आणि ते उलट प्रश्न विचारायचं. ते प्रश्न चढ्या आवाजातले नव्हते, कोणाची बाजू घेणारेही नव्हते, आणि त्यामुळेच त्यांना टाळता येत नव्हतं. माणसानं विचारलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊ दे ना, तसंच आहे ते. इथे तसं म्हणून भागत नव्हतं. एकदा वैतागून तिनं लिहिलंच, नेहमीप्रमाणे करा. यंत्रानं नम्रपणे विचारलं, नेहमी काय होतं ते सांगाल का?

पाचव्या दिवशी दोन प्रश्न एकदम आले.

पहिला: पाळी कधी सुरू झाली असं मानायचं? मुखाशी दार उघडल्यावर, की शेतात पाणी पोचल्यावर?

दुसरा: पाळी संपून दार बंद केल्यावर चारीत जे पाणी राहतं, ते कुठे जातं?

ती वाचून थांबली. गोठ्यात गाय कडबा ओढत होती, त्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला विचारावं लागणार नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी ती ह्या घरात आली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सासूनं तिला ते शिकवलं होतं. शेवटची पाळी संपली की मामा मुखाशी दार पाडतात आणि घरी फोनची एक रिंग देतात. रिंग आली की धावत जायचं आणि घरामागे चारीत फळी टाकायची. दीड किलोमीटर चारीत भरलेलं पाणी मग पुढे न जाता आपल्या तुकड्यात वळतं. अर्धा-पाऊण तास येतं. त्यावर चारा, त्यावर वांगी, त्यावर गायी. सव्वीस शेतांच्या यादीत हा तुकडा नव्हता. त्याला पाळीच नव्हती.

फळी जड होती, पाण्यानं फुगलेली. खाचेत बसवताना बोटं चेंगरायची. डाव्या करंगळीचं नख तिथेच गेलं होतं. पण फळीच्या पलीकडे, खाली, काय होतं ते बघायला ती एकदाही गेली नव्हती.

*

फेरीचा शेवटचा दिवस. टोकाचीची पाळी सकाळी दहाला होती. सुनेनं दहाच्या ठोक्याला दार उघडलं, वेळ लिहिली आणि पाण्याबरोबर चालायला लागली.

वरच्या शेतांपाशी चारी ओलीच होती, पाणी भरभर निघालं. तिला पावलं उचलावी लागली. घरामागची फळीची खाच ओलांडली आणि चारी मुरमाड पट्ट्यात शिरली. तिथे पाण्याचा वेग गेला. मध्ये मध्ये खड्डे. एकेक खड्डा भरायचा, काठोकाठ व्हायचा, मग पाणी पुढे सरकायचं. भेगांमधून बुडबुडे येत होते. माती घोट घेत असल्यासारखा आवाज. पाण्याच्या तोंडाशी काड्या, पाला, मेलेले किडे यांचा फेस होता आणि तो फेस हातभर पुढे जायला मिनिट लावत होता. सुनेच्या मानेवरून घाम ओघळत होता. ती उभी राही, दोन पावलं टाकी, पुन्हा उभी राही.

शेताच्या तोंडाशी टोकाची कोरड्या चारीत पाय सोडून बसली होती. फावडं मांडीवर आडवं. पन्नाशीची, काटकुळी, डोक्याला फडकं बांधलेली. मागे टोमॅटोची रोपं काठ्यांवर माना टाकून उभी होती.

"तू कशाला आलीस?" ती म्हणाली. "मोजायला, मी किती चोरते ते?"

"पाणी कधी पोचतं ते बघायला. यंत्रानं विचारलंय."

"मग बस."

सून बसली. पाणी आलं तेव्हा सुनेनं मोबाइल पाहिला. दहा वाजून सदतीस मिनिटं.

"सदतीस," ती म्हणाली.

टोकाची उठून सऱ्यांची तोंडं मोकळी करायला लागली होती. वाकूनच म्हणाली, "थंडीत तीस. उन्हाळ्यात सदतीस, कधी चाळीस. अकराला तुझा सासरा दार पाडणार आणि इथे पाणी तटकन थांबणार. का थांबतं तेवढं मला कळत नाही. वरची चारी भरलेली असते ना? मग ती जाते कुठे?"

सुनेची करंगळी आपसूक मुठीत गेली.

"तुम्ही समितीत हे सांगितलं नाही?"

टोकाचीनं फावडं टेकवलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "नवरा होता तेव्हा तो सांगायचा. मग मी सांगायला लागले. आधी नीट सांगितलं, मग रडून सांगितलं, मग शिव्या दिल्या. तेव्हापासून मी भांडखोर. तुला आज यंत्रानं विचारलं म्हणून तू चालत आलीस होय?"

सुनेनं मोबाइलवर वेळ पाहिली. तिला परत मुखाशी जायचं होतं, अकराला दार पाडायचं होतं. ती निघाली. दार पाडल्यावर तिनं मोबाइल हातात घेतला, घरचा नंबर काढला. घरी सासू वाट बघत असणार. गायींपुढे टाकायला दोन दिवसांचा चारा उरला होता. तिनं एक रिंग दिली.

घरी पोचली तेव्हा फळी पडलेली होती आणि चाऱ्यात पाणी चमकत होतं. सासू कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती.

*

दुपारी ती सासऱ्याच्या खाटेपाशी जमिनीवर बसली. लिहिण्याऐवजी ती आता बोलून सांगायची, यंत्र ते अक्षरांत उतरवायचं. तिनं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. पाट, चारी, सव्वीस शेतं, अडीच तासांची बाग. मग आवाज न बदलता ती पुढे म्हणाली:

"शेवटच्या शेतात पाणी पोचायला सदतीस मिनिटं लागतात. त्या बाईंची पाळी साठ मिनिटांची आहे, पण पाणी तेवीस मिनिटंच मिळतं. दार बंद केल्यावर चारीत राहिलेलं पाणी खाली त्यांच्याकडेच गेलं असतं. पण आमच्या घरामागे फळी टाकून ते आम्ही आमच्या तुकड्यात वळवतो. फळी मी टाकते."

पाटकरी उठून बसला. पाय खाली सोडताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"फळीचं कोणी विचारलं होतं तुला?"

"ह्यानंच विचारलं, मामा. राहिलेलं पाणी कुठे जातं म्हणून."

"आणि तू सांगितलंस."

"अजून पाठवलं नाही."

सासू स्वयंपाकघरातून आली, हात ओलेच. "अगं, वेड लागलंय का तुला? कोणाचं मीठ खातेस? हे पाणी त्यांना आधीच्या पाटकऱ्यानं दाखवून दिलंय. पाटकऱ्याचा हक्क आहे तो! एवढ्याशा पगारात तीस वर्षं चिखल तुडवला, त्याचं काय?"

"मग हक्क म्हणून लिहू?" सुनेनं विचारलं. "हक्क लिहिला तर ते यादीत दिसेल, आत्या. सव्विसांना दिसेल. नाही लिहिला तर ते धरून चालणार की पाणी खाली जातं. खोटं लिहायचं झालं तर नेमकं काय लिहू ते तरी सांगा."

"काहीच लिहू नकोस."

"जागा मोकळी सोडली तर ते पुन्हा विचारतं."

पाटकऱ्यानं हात पुढे केला. "वाच परत. कसं लिहिलंयस ते."

तिनं वाचलं.

"'वळवतो' म्हटलंयस."

"हो."

"चोरतो नाही म्हटलंस."

"नाही मामा."

तो जखमेवरच्या फडक्याचं टोक चुरगाळत बसला. "मला कधी वाटलंच नाही तसं," तो म्हणाला. "शप्पथ. पहिल्या वर्षी वाटलं असेल थोडं. मग ती ओरडायची तेव्हा मला तिचाच राग यायचा." मग तो आडवा झाला आणि डोळ्यांवर हात घेऊन म्हणाला, "काय ते कर."

तिनं पाठवलं.

*

बैठकीला सव्विसांपैकी वीस-एक जण आले. टोकाचीही आली, दाराबाहेर पायरीवर बसली. सासऱ्याला सुनेनं हाताला धरून आणलं. ह्या वेळी मॅडमनी उठून त्याला आपली खुर्ची दिली.

ॲप चांगलं झालं होतं. प्रत्येकाचं शेत, त्याची पाळी, किती वेळ राहिला ते आकड्यांत. पाळी यायच्या अर्धा तास आधी मोबाइल वाजायचा. लोकांनी आपापल्या मोबाइलवर घेतलं, एकमेकांना दाखवलं, थोडा वेळ जत्रेसारखा गलका झाला. अध्यक्ष खूश होते.

मग लिंबूवाल्याच्या लक्षात आलं. "हे काय? टोकाचीची पाळी दहाला नाही, 'पाणी पोचल्यापासून'? म्हणजे तिच्यासाठी पाऊण तास जास्त दार उघडं राहणार? आणि आमची सगळ्यांची फेरी तेवढी मागे ढकलणार?"

"आणि बागेपुढे अडीच तास लिहिलंय, कंसात 'कारण माहीत नाही'!" मागून कोणीतरी वाचलं. हशा झाला. लिंबूवाल्याचे कान लाल झाले.

"सदतीस मिनिटं लागतात पोचायला," सून म्हणाली. "मी चालून पाहिलंय."

"तू पाहिलंस! कालची मुलगी तू. बाबा, तुम्ही सांगा. तीस वर्षं चारीवर आहात. लागतात सदतीस मिनिटं?"

पाटकऱ्यानं खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग बसूनच बोलला.

"लागतात. आणि कोणाचंही मिनिट घ्यायची गरज नाही. दार अकरालाच पाडा. चारीत भरलेलं पाणी खाली जाऊ दिलं तर तिचा तास पुरा होतो. ते पाणी इतकी वर्षं मी माझ्या तुकड्याला घेतलं. फळी टाकून."

पायरीवर हालचाल झाली. टोकाची उठून उभी राहिली होती. तिनं तोंड उघडलं, पण त्यातून शिवी आली नाही. ती पुन्हा बसली.

"म्हणजे चोरी," लिंबूवाला म्हणाला. त्याचा आवाज आता मोकळा झाला होता. "तीस वर्षं आपण ह्या माणसाच्या हातात किल्ली दिली."

तुकड्यातला हिरवा चारा रस्त्यावरून सगळ्यांना दिसायचा. त्यातली वांगीही निम्म्या घरांनी खाल्ली होती. पण त्या वेळी कोणी तसं म्हणालं नाही. अध्यक्षांनी घसा साफ केला. ह्या उन्हात चारी तुडवायला दुसरं कोणी मिळणार नव्हतं, म्हणून काम पाटकऱ्याकडेच राहिलं. मात्र कुलूप नवं, त्याला दोन किल्ल्या, दुसरी लिंबूवाल्याकडे. फळी समितीत जमा करायची. टोकाचीचा तास पाणी पोचल्यापासून मोजायचा, दार मात्र अकरालाच पाडायचं. बागेच्या अडीच तासांचा विषय पुढच्या बैठकीत.

सासू चार दिवस बोलली नाही. ताट वाढून सरकवायची, सुनेकडे न बघता.

*

फळीशिवाय एक फेरी कोरडी गेली आणि तुकडा आधी कडेनं पिवळा पडला. वांग्यांची पानं सुरळी होऊन लोंबायला लागली. सुनेनं उरलासुरला चारा कापला, मुळापाशी विळा घासत, कारण वाळून जाण्यापेक्षा तेवढाच कामी येईल. सासू येऊन दुसऱ्या सरीला बसली. दोघींनी पाठीला पाठ लावून कापलं. शेवटच्या मुठीला सासू म्हणाली, "तांबडीला ठेवता येणार नाही." एवढंच. दोन दिवसांनी एक माणूस येऊन तांबडी गाय घेऊन गेला. पाटकरी त्या वेळी मुद्दाम चारीवर गेला होता.

ॲपवर चाललेल्या पहिल्या फेरीचा शेवटचा दिवस आला. पाटकऱ्याची जखम खपली धरत होती, दार उघडायला तो स्वतः गेला. दहा वाजता सगळ्यांच्या मोबाइलवर आलं: शेवटचं शेत, पाण्याची वाट पाहत आहे. पाणी पोचलं की शेतमालकानं 'पाणी आलं' हे बटण दाबायचं, म्हणजे तास सुरू होईल, असं सुनेनंच यंत्राला सांगितलं होतं.

सवादहाला, भांडी घासताना, तिचा हात थांबला. टोकाचीकडे मोबाइल होता तो आकड्यांच्या बटणांचा, साधा. त्यावर ॲप नव्हतं, येणारही नव्हतं. दोन पानं लिहून काढताना, चार दिवस विचारताना, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या मनातच आलं नव्हतं.

राखेचे हात तसेच घेऊन ती निघाली. मुरमाड पट्टा तिनं पळत ओलांडला. पाणी अजून अर्ध्यातच होतं, खड्डा भरत.

टोकाची चारीत पाय सोडून बसली होती.

"बटण दाबायला आले," सून धापा टाकत म्हणाली. "तुमच्याकडे तो मोबाइल नाही. माझ्या लक्षातच आलं नाही."

"मला वाटलंच," टोकाची म्हणाली. "विसरली असणार. टोकाचं आठवायला वेळ लागतो." पण तिनं सरकून शेजारी जागा केली.

सून बसली. ऊन पाठीवर होतं. थोड्या वेळानं टोकाची समोर बघतच म्हणाली, "गाय विकलीत म्हणे."

"हो."

"दुभती?"

"हो."

टोकाचीनं मातीचं ढेकूळ बोटांनी फोडलं. सॉरी म्हणण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, आणि ती म्हणालीही नाही. सुनेलाही ते नको होतं.

पाला आणि फेस घेऊन पाण्याचं तोंड वळणावर दिसलं. सुनेनं मोबाइल काढला, राखेचा अंगठा कपड्याला पुसला आणि बटणावर नेला.

टोकाचीनं तिचं मनगट धरलं.

"थांब."

"आलं की पाणी."

"चारीत आलंय. शेतात कुठे आलंय?"

ती उठली, फावड्यानं पहिल्या सरीचं तोंड मोकळं केलं. पाणी आत वळलं, वाळलेल्या ढेकळांवर चढलं, पहिल्या रोपाच्या मुळाशी घुटमळलं. टोकाची वाकून बघत राहिली. दुसरं रोप. तिसरं. सून अंगठा अधांतरी धरून उभी होती. दहा वाजून अडतीस, एकोणचाळीस. वरून कोणीतरी फोन करत होतं, तिनं तो वाजू दिला.

"आता दाब," टोकाची म्हणाली.